गिझाल्लोचा घाट, सायकलवाल्यांची देवी आणि मागचं म्युझियम

बोरघाटी

मंडळी, लेक मिलानला नोकरीला आहे म्हणून दोन महिने इटलीत मुक्काम आहे. आल्यापासून लेक-जावयाचा एकच धोशा, बाबा व्हेनिस बघा, बाबा फ्लोरेन्स बघा. म्हटलं सगळं बघू, आधी गिझाल्लो. जावई म्हणाला, हे काय असतं? आमचं बालपण खोपोलीतलं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी शिंग्रोबाच्या देवळापाशी बादलीभर पाणी नि ओली फडकी घेऊन उभे राहायचो. पोरं घाटात दात-ओठ खात चढायची आणि वर पहिला पोचेल तो 'घाटाचा राजा'. ज्याने हे बघितलंय त्याला गिझाल्लो म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

कोमो तलाव वरून बघितला तर गलोलीसारखा दिसतो. त्याच्या बेचक्यात बेल्लाज्यो नावाचं गाव आहे. तिथून घाट सुरू होतो आणि माग्रेल्यो गावापाशी ७५४ मीटरवर संपतो. चढाई म्हणाल तर खोपोली-खंडाळ्याएवढीच, पाचशे-साडेपाचशे मीटर. स्वभाव मात्र वेगळा. हा पहिल्या चार किलोमीटरातच जीव काढतो, मग मध्ये सपाट होऊन थोडा उतारसुद्धा देतो, वाटतं झालं आता, आणि शेवटी पुन्हा भिंतीसारखा समोर उभा. मी सायकल भाड्याने घेतली. बॅटरीवाली. हसायचंय त्यांनी हसून घ्या, एकसष्टाव्या वर्षी गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत.

वर एक इवलंसं चर्च आहे. गोष्ट अशी सांगतात की गिझाल्लो नावाच्या सरदाराला इथे दरोडेखोरांनी गाठलं. तो रस्त्याकडेच्या मेरीमातेच्या चित्राकडे धावला आणि वाचला. तेव्हापासून ही वाटसरूंची रक्षणकर्ती. पुढे लोम्बार्दियाची शर्यत (१९०५ पासून आहे, दर ऑक्टोबरात, पानगळीत) १९१९ पासून या घाटाने जायला लागली आणि वाटसरूंची देवी हळूहळू सायकलवाल्यांची झाली. तिथल्या एका पाद्रीबाबांनी खटपट केली आणि १३ ऑक्टोबर १९४९ला पोप पायस बारावे यांनी तसं अधिकृतपणे जाहीर केलं. रोमहून ज्योत आणली होती, सायकलवरून, हातोहात. शेवटी शेवटी ती बार्ताली आणि कोप्पी यांच्या हातात होती, इटलीचे तेव्हाचे दोन सगळ्यांत मोठे सायकलपटू, म्हणजे एकमेकांचे कट्टर वैरी! आपल्याकडे गडावरून शिवज्योत आणतात, अगदी तस्संच. ती अजून आत तेवते आहे, मेलेल्या सायकलवाल्यांच्या नावाने.

आत शिरलो आणि मान वरच राहिली. नवसाचे पाळणे टांगलेले असतात तशा भिंतीवर सायकली. कोप्पीची, बार्तालीची, बेल्जियमच्या मेर्क्सची. काचेच्या चौकटीत जर्सी. बाक जेमतेम पाच-सहा रांगांचे. एक म्हातारी गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या डोक्यावर रेसची सायकल. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

त्यातच एक वाकडी झालेली सायकल आहे. फाबियो कासार्तेल्लीची. जवळच्याच आल्बेसे गावचा पोरगा. १९९२ला बार्सिलोनात ऑलिंपिकचं सुवर्ण, आणि १८ जुलै १९९५ला टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजच्या एका उतारावर पडून गेला. चोवीस वर्षांचा होता. ती सायकल कुणी सरळ केलेली नाही, धुऊनपुसून चकचकीत केलेली नाही. बाजूच्या सगळ्या सायकली जिंकलेल्या आणि ही अशी. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

नवसाच्या सायकली वाढत गेल्या आणि देवळात जागा पुरेना. मग फिओरेन्झो मान्यी या जुन्या खेळाडूने मनावर घेतलं आणि चर्चच्या मागे उतारावर म्युझियम उभं राहिलं. २००६ला उघडलं. ते छान आहे, प्रशस्त आहे, मोठ्या काचांतून तलावापलीकडचे ग्रिन्याचे डोंगर दिसतात. जिरोच्या (म्हणजे टूर ऑफ इटली) गुलाबी जर्सी इतक्या एका जागी मी कुठे बघितल्या नाहीत. गुलाबी का, तर शर्यत भरवणारं वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापतात. १९३१पासून आघाडीवरच्याला तो रंग. सुरुवातीच्या जर्सी लोकरीच्या आहेत, आणि एकीच्या कोपराला चक्क रफू केलेलं. ते रफू बघून मला आमची आई आठवली.

पण खरं सांगू? म्युझियममध्ये दोन तास घालवले आणि आठवतंय ते चर्च. असं का झालं असावं? इथे सायकलवाले बरेच आहेत, बोला.

---

फ्रीव्हील

काका, एक नंबर. बॅटरीबद्दल माफ केलं.

आमचं सांगलीला सायकलचं दुकान होतं, वडिलांचं. त्यामुळे माझा जीव यंत्रात. तुम्ही गिअरबद्दल एक ओळ लिहिली नाहीत याचा निषेध. जुन्या सायकलींना मागे दोन दातचक्रं असायची, पण एक चाकाच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला. घाट आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, चेन चढवायची आणि मग चढाई. वर पोचलात की परत तेच. थंडीत बोटं बधिर झालेली असताना.

मग काम्पान्योलो या इटालियन कंपनीने 'कांबिओ कोर्सा' नावाचा गिअर काढला. सीटखालच्या मागच्या चिमट्यावर दोन लांब दांडे. मागे हात घालून एक दांडा सोडायचा, चाक ढिलं होतं. मग पायडल उलटं मारत दुसऱ्या दांड्याने चेन सरकवायची. चाक आपोआप पुढेमागे होऊन चेन ताणली जाते, मग पहिला दांडा आवळायचा. हे सगळं चालत्या सायकलवर, आणि शेजारी अजून पन्नास जण. बार्ताली १९४८ची टूर द फ्रान्स यावर जिंकला. आमच्या दुकानात नुसती चेन उतरली तरी गिऱ्हाईक सायकल ढकलत यायचं.

---

बोरघाटी

@फ्रीव्हील, होय, ते दोन दांडे बघितले, पण मला वाटलं पंप अडकवायचे असतील! अज्ञान कबूल. आता परत जायला कारण मिळालं.

---

निशिगंधा

लेख आवडला, पण एक मनात आलं ते लिहिते. ती वाकडी सायकल अशी टांगणं मला नाही पटलं. गावात आईवडील, बायको, नातलग असणार. त्यांनी मेणबत्ती लावायला यायचं आणि वर ती बघायची? आपल्याकडे अपघातात गेलेल्याची गाडी लगेच विकून टाकतात, दारात ठेवत नाहीत. आणि लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत असतील ते वेगळंच.

---

बोरघाटी

निशिगंधाताई, काढत होते. मीही मोबाईल बाहेर काढला होता. मग खिशात ठेवला.

पण ती तिथे लपवलेली नाही, मिरवलेलीही नाही. इतरांसारखीच एक. म्युझियममध्ये असती तर खाली पाटी, त्यावर दिवा, चार ओळी माहिती. इथे तसलं काही नाही, ज्याला माहीत आहे त्यालाच ती दिसते.

---

सरळसोट

मान्यीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून. युद्धात हे गृहस्थ मुसोलिनीच्या बाजूने होते. नंतर खटलाही चालला. शिक्षा झाली नाही, पण इटलीतले निम्मे लोक त्यांना आयुष्यभर त्याच नजरेने बघायचे. उलट बार्ताली फ्लोरेन्स ते असिसी सराव करतोय असं दाखवून सायकलच्या नळीत ज्यू लोकांची खोटी कागदपत्रं लपवून न्यायचा. २०१३ला इस्राएलने त्याचा सन्मान केला. म्युझियम बांधलं कुणी आणि बांधायला हवं होतं कुणी!

---

अंजीरबर्फी

सरळसोट, बार्तालीच्या त्या गोष्टीवर अलीकडे काही इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, पुरावे तपासायला हवेत म्हणून. स्वतः बार्ताली तर हयातीत त्याबद्दल बोलायचाच नाही. त्यामुळे एक देव, एक दानव असं सरळ विभागू नका.

मान्यीचा भूतकाळ पुसावा असं मी म्हणत नाही. पण खेळाडू म्हणून तो कोण होता ते तरी लिहा. कोप्पी आणि बार्ताली यांच्या काळात जन्मला हेच त्याचं नशीब फुटकं. लोक त्याला 'तिसरा माणूस' म्हणायचे. तरी तीन जिरो जिंकला, १९४८, ५१ आणि ५५. त्यातला १९४८चा फक्त ११ सेकंदांनी, जिरोच्या इतिहासात त्याहून कमी अंतराने कुणी जिंकलेलं नाही. त्यातही भानगड झाली. पोर्दोईच्या घाटात त्याला प्रेक्षकांनी ढकलत वर नेलं. दोन मिनिटांचा दंड झाला, कोप्पीचा अख्खा संघ रागावून घरी गेला, आणि मिलानला लोकांनी विजेत्यावर शिट्ट्या मारल्या. अकरा सेकंद आणि ढकलाढकली, आता बोला.

फ्लँडर्सची शर्यत मात्र १९४९, ५०, ५१ अशी लागोपाठ तीनदा. बेल्जियममधल्या लोकांना अजून तो 'फ्लँडर्सचा सिंह' म्हणूनच माहीत आहे. मी ब्रसेल्सला राहते म्हणून सांगते. इथे औदेनार्दला फ्लँडर्स शर्यतीचं म्युझियम आहे. दोनदा जगज्जेता झालेले फ्रेडी मार्टेन्स तिथे कित्येक वर्षं लोकांना माहिती सांगायचे. जगज्जेता स्वतः काचेबाहेर उभा! बोरघाटी काकांना प्रश्न पडलाय ना की म्युझियम का आठवत नाही, तर तिथे बोलणारा माणूस हवा.

---

फ्रीव्हील

मान्यीची १९५६ची गोष्ट राहिली. जिरोच्या मध्यावर पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले घरी जा. हा ऐकेना. पण चढावर हँडल ओढायचं कसं, एक हात निकामी. तेव्हा फालिएरो मासी नावाच्या मेकॅनिकने ट्यूबचा तुकडा कापून हँडलला बांधला आणि दुसरं टोक मान्यीच्या दातात दिलं. दाताने हँडल ओढत तो चढला. तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. पुढे परत पडला, दंडाचं हाड मोडलं, अँब्युलन्समध्ये शुद्धीवर आला आणि गाडी थांबवायला लावून परत सायकलवर बसला. शेवटी बोंदोने डोंगरावर बर्फाचं वादळ, कितीतरी जणांनी वाटेतच शर्यत सोडली. हा पठ्ठ्या एकूणात दुसरा आला, शार्ली गॉलच्या मागे.

माझे वडील म्हणायचे, ट्यूब कधी फेकू नये. चाक बांधायला, कॅरिअरला, घरातल्या खुर्चीला, सगळीकडे चालते. दाताला पण चालते हे त्यांना कळलं असतं तर दुकानात फोटो लावला असता.

---

सरळसोट

माणूस जिद्दी होता, यावर माझा वाद नाहीच. एवढंच म्हणतो की म्युझियममध्ये ट्यूबचा फोटो असेल तर खटल्याचीही ओळ असावी. काका, होती का?

---

बोरघाटी

माझ्या नजरेला पडली नाही. पण पाट्या इटालियनमध्ये आणि माझं इटालियन 'एक कॉफी द्या'च्या पुढे जात नाही, त्यामुळे साक्ष धरू नका.

---

कमळी_सातारकर

सगळे बाप्येच! त्या देवीच्या दारात एका बाईचीही सायकल आहे, तिचं कुणी नाव काढेना. आल्फोन्सिना स्त्रादा.

१९२४चा जिरो. मोठे संघ पैशांवरून रुसून बसलेले, आयोजकांना माणसं हवी होती. हिने नाव दिलं. यादीत 'आल्फोन्सिन' असं छापलं, शेवटचा स्वर गायब, म्हणजे बाई की बुवा कळू नये. तोवर ती दोनदा लोम्बार्दियाची शर्यत धावून आलेली, १९१७ आणि १९१८, पुरुषांबरोबर. ३६०० किलोमीटरचा जिरो, रस्ते म्हणजे माती नि दगड. पेरुजाच्या टप्प्यात वादळवाऱ्यात पडली आणि हँडलच मोडलं. तर झाडूचा दांडा खोचून पुढे निघाली! वेळेच्या बाहेर पोचली म्हणून नियमाने बाद केली, पण रस्त्यावरची गर्दी तिलाच बघायला येत होती, म्हणून आयोजकांनी तिला पुढे चालू दिलं, निकालात न धरता. ९० जण निघाले होते, ३० पोचले आणि त्यांच्यासोबत ही मिलानला पोचली.

माझ्या आत्याला साताऱ्यात सायकल शिकायची होती. आजोबांनी दोन वर्षं 'बघू' म्हणून काढली. शेवटी भावाच्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून शिकली, नऊवारी खोचून. पडली त्याच्या खुणा अजून गुडघ्यावर दाखवते.

---

अंजीरबर्फी

@कमळी, वा. आत्याला माझा नमस्कार सांगा.

आणि १९०९च्या पहिल्या जिरोचा विजेता लुईजी गान्ना. जिंकल्यावर विचारलं कसं वाटतंय, तर त्याने मिलानच्या बोलीत सांगितलं की बूड फार जळतंय. एवढंच. आताच्या खेळाडूंच्या लांबलचक मुलाखती ऐकताना मला नेहमी तोच आठवतो.

---

डबलसीट

वाचनमात्र असतो, पण या धाग्यावर लिहितोय कारण काम आहे.

आमचे मामा सत्तरच्या दशकात मुंबई-पुणे धावले होते. नंबर नाही आला, पण पूर्ण केली. त्यांची रेसची सायकल पुण्याच्या वाड्यात माळ्यावर पडून होती. आता वाडा बिल्डरकडे जातोय म्हणून खाली उतरवली. टायर केव्हाच गेलेत. पुढची रिम आऊट आहे आणि पुढचा चिमटा जरासा आत दबलाय. मामी म्हणाली, खंडाळ्याच्या उतारावर पडले होते ते. मामेभाऊ उत्साही, तो सगळी सायकल खरवडून पावडर कोटिंग करून, नवीन चिमटा बसवून हॉलमध्ये टांगणार आहे. पेंटरला फोनही केला. मी त्याला थांबवू का, आणि कसं?

---

फ्रीव्हील

थांबवा! आजच्या आज. रंग खरवडला की फ्रेमवरची जुनी अक्षरं, पट्ट्या, सगळं गेलं. खालच्या बीबीवर (पायडलचा दांडा जातो ती आडवी नळी) आकडा ठोकलेला असेल, तो फोटो काढून इथे टाका. गंज चालतोय का हे बघायला आत टॉर्च मारा. ढिला गंज मऊ फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको. मशीनचं तेल घाला. चिमटा दबलेला असेल तर ती सायकल चालवू नका, पण काढूही नका.

---

निशिगंधा

मी वर वाकड्या सायकलीबद्दल लिहिलं होतं, तरीही यात फ्रीव्हील यांच्याशी सहमत आहे. फरक एवढाच की इथे मामींना विचारा. घर त्यांचं, रोज बघायची त्यांनी आहे.

---

बोरघाटी

डबलसीट, मामांचं वर्ष कोणतं? सत्तरच्या दशकात शिंग्रोबापाशी बादली घेऊन मीच उभा असेन. ओलं फडकं मारलं असेल त्यांच्या पाठीवर.

आणि एक मनातली खंत. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ला अमेरिकेची रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, आपल्याकडून अशा कितीतरी जणांनी घाम गाळलाय. त्या सायकली, बिल्ले, नंबरचे कपडे गेले कुठे? माझ्या एका मित्राचा चषक एका क्लबच्या कपाटात होता. कपाट भंगारात गेलं, त्यात चषकही. इटलीत लोकांनी नवसाला म्हणून देवळात नेऊन टांगल्या, म्हणून वाचल्या. म्युझियम नंतर आलं.

---

सरळसोट

काका, शिंग्रोबाच्या देवळात सायकली टांगायची सूचना असेल तर मी पहिला. पाऊस लागणार नाही एवढं बघा.

---

कमळी_सातारकर

शिंग्रोबाने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बदल्यात गोळी खाल्ली म्हणतात. त्याला सायकल आवडेलच. आगगाडीपेक्षा बरी.

---

अंजीरबर्फी

जायचं असेल त्यांच्यासाठी: मिलानच्या कादोर्ना स्टेशनवरून आस्सोपर्यंत लोकल जाते, तिथून वर बस किंवा स्वतःचे पाय. थंडीत म्युझियम बंद असतं, त्यामुळे आधी बघून जा. ऑक्टोबरात शर्यतीच्या दिवशी गेलात तर सायकली वर येताना चर्चच्या घंटा वाजवतात ते ऐकायला मिळेल, पण जागेसाठी सकाळी लवकर जा.

---

डबलसीट

मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चिमटा बदलायचा नाही. त्यांनी दवाखान्यातून आल्यावर पहिलं काय विचारलं माहितीय, सायकल कुठाय." पेंटरला नको म्हणून सांगितलं, मामेभाऊ दोन दिवस गप्प आहे.

बीबीवर आकडा आहे, पण मधला अंक गंजाने खाल्लाय. फोटो टाकतोय. आणि सीटखाली एक कापडी पिशवी अडकवलेली सापडली, आत सोल्यूशनची वाळलेली ट्यूब आणि ठिगळाचे चार तुकडे. फ्रीव्हील, हे पण तसंच ठेवू ना?

---

फ्रीव्हील

तसंच. पिशवीची गाठ पण सोडू नका.